जुन्या पुस्तकावर विसंबून कैफियत थांबवू नका

प्रश्न : बांधावरून शेजाऱ्याने माझ्यावर मनाईचा दावा लावला आहे. समन्स मिळून ५२ दिवस झाले, अजून कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर) दिलेली नाही. वडिलांकडच्या १९९६ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कैफियतीला दिवसांची ठरावीक मुदत दिसत नाही. शिवाय 'कलम ९अ खाली अधिकारक्षेत्राची हरकत घे, म्हणजे या कोर्टाला हा दावा चालवण्याचा अधिकारच नाही असं सांग, मग कोर्टाला आधी तेवढंच ठरवावं लागेल,' असं चुलते सांगतात. थांबू का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : थांबू नका. पुस्तक छापलं तेव्हा बरोबर होतं. आज या दोन्ही मुद्द्यांवर ते तुम्हाला अडचणीत आणेल.

१९०८ ची ही संहिता दोन भागांत आहे. आधी १५८ पर्यंतची कलमं, त्यात कोर्टाचे अधिकार. मागे पहिल्या अनुसूचीत ५१ ऑर्डर आणि त्यांखालचे रूल, त्यात रोजचं कामकाज. कलम बदलायला संसद किंवा विधानमंडळच लागतं. रूल मात्र कलम १२२ नुसार उच्च न्यायालयही बदलू शकतं, फक्त ते कलमांशी विसंगत नकोत. म्हणून पुस्तक घेताना मुंबई उच्च न्यायालयाच्या दुरुस्त्या त्यात आहेत का, हे जरूर पाहावं.

कैफियत ऑर्डर ८ रूल १ मध्ये येते. पूर्वी ती पहिल्या सुनावणीपर्यंत किंवा कोर्ट देईल त्या मुदतीत द्यायची असे. १९९९ आणि २००२ च्या दुरुस्त्या १ जुलै २००२ पासून लागू झाल्या आणि मुदत समन्स बजावल्यापासून ३० दिवस झाली. कारणं नोंदवून कोर्ट ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. त्यापुढेही दार पूर्ण बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं, पण ते अगदी अपवादात्मक अडचणीत. व्यापारी दाव्यांत १२० दिवसांनंतर कैफियतीचा हक्कच जातो. तुमचा दावा तसा नाही. तुमचे ३० दिवस उलटलेत, ९० व्हायचेत. हे उरलेले दिवस मोलाचे आहेत.

कलम ९अ हे महाराष्ट्राने घातलेलं खास कलम. दिवाणी प्रक्रिया समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांत, असल्याने राज्याला ते करता आलं. अंतरिम मनाईच्या सुनावणीत अधिकारक्षेत्राची हरकत आली की आधी तीच निकाली काढावी लागे, आणि त्यात वर्षानुवर्षं जात. २०१८ मध्ये राज्यानेच ते वगळलं, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. चुलत्यांनी सांगितलेली वाट आता नाही. हरकत खरी असेल तर कैफियतीतच स्पष्ट लिहा. केवळ कायद्याचा मुद्दा असेल तर ऑर्डर १४ रूल २ खाली कोर्ट तो आधी ऐकू शकतं. दावा फेटाळण्याचा ऑर्डर ७ रूल ११ चा अर्ज दिला म्हणून कैफियतीची मुदत थांबत नाही, हेही लक्षात ठेवा.

याच आठवड्यात वकीलपत्र द्या. 'विना कैफियत' हुकूम, म्हणजे तुमच्या कैफियतीशिवाय दावा पुढे चालवण्याचा हुकूम, झाला आहे का, हे वकिलांकडून रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) पाहून घ्या. झाला असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज लागेल. नसेल तर कैफियत आणि मुदतवाढीचा अर्ज एकत्र दाखल करा. अर्जात उशिराचं खरं कारण लिहा, आजारपणाचे किंवा इतर कागद असतील तर जोडा. समन्सची तुमची प्रत आणि ते मिळाल्याची तारीख वकिलांना पहिल्याच भेटीत दाखवा.