आधी ब्राह्मी, मग कॅमेरा

बी.एससी. कॉम्प्युटर झालंय, पांडवलेण्यांची आवड आहे, तर डिजिटल वारशात (म्हणजे लेणी, नाणी, शिलालेख यांच्या संगणकीय अभ्यासात) पीएचडी करून प्राध्यापक होता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल, पण वळसा पडेल. आपल्याकडे जाहिरात बहुधा इतिहासाची किंवा पुरातत्त्वाची निघते. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा पेपरही इतिहास, पुरातत्त्व, संग्रहालयशास्त्र अशाच विषयांचा असतो. म्हणजे आधी यातलं एम.ए., तेही साधारणपणे किमान 55 टक्क्यांनी.

थ्रीडी स्कॅन करणारे आता पैशाला पासरी झालेत. शिलालेख वाचणारे मात्र शोधावे लागतात. तुम्ही नाशिकचे, म्हणून जवळचंच उदाहरण देते. 1906 साली जोगलटेंभीला 13,000 हून जास्त चांदीची नाणी सापडली. नाणी शक क्षत्रप नहपानाची, पण त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला. खालचा ठसा नुसत्या डोळ्यांना धड दिसत नाही. अशा वेळी आरटीआय (माहिती अधिकार नव्हे, रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग!) कामाला येतं. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, दिवा मात्र वेगवेगळ्या कोनांत धरून पन्नासेक फोटो काढायचे. नाण्याशेजारी एक चकचकीत काळी गोळी ठेवायची. तिच्यावरच्या चमकेवरून सॉफ्टवेअर उजेडाची दिशा ओळखतं, मग स्क्रीनवर हवा तिकडून तिरपा उजेड पाडता येतो आणि झिजलेली रेघ उठून दिसते. पण ती रेघ कुठल्या अक्षराची, हे ब्राह्मी लिपी येणारालाच कळणार. आणि याच सातकर्णीने नहपानाचा क्षहरात वंश निखंदून काढला असं त्याची आई गौतमी बलश्री पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यातल्या लेखात सांगते, हे ठाऊक असेल तरच दोन्ही पुरावे शेजारी ठेवून संशोधनाचा प्रश्न सुचेल.

तेव्हा अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत चौकशी करा. ब्राह्मीबरोबर मोडीही शिकलात तर दप्तरखान्यांची दारं उघडतील. लेण्यांत ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, त्यामुळे सराव घरातल्या एखाद्या झिजलेल्या नाण्यावर करा. एपिडॉक, म्हणजे शिलालेख संगणकावर उतरवायची एक्सएमएल पद्धत, शिकाच. त्यात फुटलेलं अक्षर, शंकास्पद अक्षर आणि संपादकाने भरलेलं अक्षर यांना वेगवेगळ्या खुणा करतात. कोडिंग येत असल्याने तुम्हाला ते जड जाणार नाही.

मार्गदर्शकांना पहिली मेल पाठवाल तेव्हा ‘मला आवड आहे’ एवढंच लिहू नका. एका छोट्या शिलालेखाची अशी खुणा केलेली फाइल सोबत जोडा, आणि कुठलं अक्षर का अडलं तेही लिहा.