आधी छाटणीची तारीख, मग ॲप

अनेक आशीर्वाद.

येत्या हंगामात निर्यातीच्या द्राक्षबागांवर फिरणारी चार जणांची टीम तुझ्याकडे आली आहे, सुमारे दोनशे प्लॉट आहेत, आणि कुठलं ॲप घ्यावं असं तू विचारलं आहेस. ॲपकडे शेवटी येऊ. आधी एक गोष्ट पक्की कर: सगळी व्यवस्था प्लॉटभोवती बांधायची, माणसाभोवती नाही. बाजारातली बरीच ॲप विक्री प्रतिनिधींसाठी बनलेली असतात. माणूस किती वाजता निघाला, कुठे थांबला, किती किलोमीटर फिरला, हे ती व्यवस्थित दाखवतात. निफाड-दिंडोरीच्या बागेत मात्र रोज एकच प्रश्न असतो. गोडी छाटणीला, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीला, आज किती दिवस झाले, आणि या दिवसापर्यंत जे व्हायला हवं होतं ते झालं का?

म्हणून पहिलं काम म्हणजे प्लॉटची यादी. गट नंबरवर विसंबू नकोस. उगावातही गट ४५ असतो आणि खेडगावातही. शिवाय एकाच गटात दोन भाऊ असतात, किंवा एकाच शेतकऱ्याचे दोन तुकडे वेगवेगळ्या तारखांना छाटलेले असतात. छाटणीची तारीख बदलली की तो वेगळा प्लॉट, असा नियम कर. कोड तीन भागांचा ठेव: गावाची खूण, गट नंबर, प्लॉटचा अनुक्रम. शेतकऱ्याचं नाव कोडमध्ये घालू नकोस, कारण एकच नाव चार जण चार तऱ्हेनं लिहितात. नोंदणीकृत बागेचा अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं केंद्र सरकारचं प्राधिकरण) ग्रेपनेट या माग काढण्याच्या प्रणालीवरचा क्रमांक शेजारच्या रकान्यात हवाच. २००६ पासून निर्यातीच्या द्राक्षाचा माग त्याच क्रमांकावरून काढला जातो, आणि तुझी यादी त्याच्याशी जुळली नाही तर पुढच्या कागदांचा उपयोग नाही.

ही यादी एक्सेलमध्ये करताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते. गट १२/२ लिहिला की एक्सेल त्याची १२ फेब्रुवारी करून टाकतं. म्हणून टाइप करण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' कर. एकदा तारीख झालेला आकडा नंतर टेक्स्ट केला तरी परत मिळत नाही. दुसरं, कुणी देवनागरी अंकात लिहितो, कुणी इंग्रजी अंकात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि जुळवणी करताना निम्मे प्लॉट सापडतच नाहीत. एकच अंकपद्धत ठरव आणि जुनी यादी आताच साफ कर.

तारखेचा घोटाळा सगळ्यात महागात पडतो. शीटची सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/१०, म्हणजे ५ ऑक्टोबर, ही १० मे म्हणून नोंदली जाते. २५/१० मात्र तारीखच धरली जात नाही. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांतल्या छाटण्या गुपचूप चुकतात आणि बाकीच्या नुसत्या मजकूर म्हणून पडून राहतात. शीटची सेटिंग भारताची ठेव, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी साठव, आणि फॉर्ममध्ये ती कॅलेंडरवरूनच निवडू दे. मग 'आज वजा छाटणी' एवढ्या एका सूत्रावर तुझं सगळं वेळापत्रक उभं राहतं.

आता फॉर्म. एका भेटीत आठ-दहा प्रश्नांपेक्षा जास्त नकोत, आणि तेही छाटणीच्या दिवसांप्रमाणे बदलणारे. पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळे फुटताना, उडद्या ही कीड आणि फुटवे विचार. फुलोऱ्याच्या आसपास डाऊनी, करपा आणि घडकूज हे रोग. पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी भरू लागल्यावर, भुरी रोग, मिलीबग कीड, मण्याचा आकार मिलिमीटरमध्ये आणि ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर. 'रोग कमी, मध्यम, जास्त' असा प्रश्न ठेवू नकोस. प्रत्येकाचं मध्यम वेगळं असतं. त्याऐवजी प्लॉटच्या कर्णावरची पाच झाडं, प्रत्येकाची पाच पानं, आणि २५ पैकी किती पानांवर डाग, हा आकडा माग. तोच आकडा पुढच्या आठवड्याच्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

फवारणीची वही हा सगळ्यात जपायचा भाग आहे, त्यावर वेळ घाल. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडकली होती, आणि त्याच घटकाला आपल्याकडे शेतकरी 'सीसीसी' म्हणतात. म्हणजे मूळ घटकाचं नाव, बोलीतलं नाव आणि बाटलीवरचं व्यापारी नाव, अशी तीन नावं एकाच गोष्टीला असतात. फॉर्ममध्ये नाव टाइप करायला देऊ नकोस. निवडायची यादी दे. व्यापारी नावासमोर मूळ घटक आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (फवारणीनंतर काढणीआधी जाऊ द्यायचे किमान दिवस) आधीच भरलेला असू दे, आणि लेबलचा फोटो सक्तीचा कर. यादीत नसलेलं औषध निघालं तर 'इतर' निवडून फोटो पाठवायचा आणि तू त्याच संध्याकाळी ते तपासायचं. पुण्याच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारशीची यादी हंगामागणिक सुधारते, म्हणून गेल्या वर्षीचा फॉर्म उचलून वापरू नकोस.

मात्रेतही घोळ होतो. शेतकरी कधी लिटरला सांगतो, कधी २०० लिटरच्या ड्रमला, कधी ६०० लिटरच्या ब्लोअरला, म्हणजे ट्रॅक्टरच्या फवारणी यंत्राला. माणसाला भागाकार करायला लावू नकोस. फॉर्मनं दोनच गोष्टी विचाराव्यात, टाकीत किती लिटर पाणी आणि त्यात किती औषध. लिटरमागचं प्रमाण फॉर्मच काढेल.

मग प्रत्येक फवारणीची तारीख अधिक तिचा प्रतीक्षा काळ, आणि त्यांतली सगळ्यात उशिराची तारीख म्हणजे त्या प्लॉटच्या काढणीची लवकरात लवकरची तारीख. १० जानेवारीला ४२ दिवसांच्या प्रतीक्षेचं औषध मारलं तर २१ फेब्रुवारीच्या आत त्या बागेत कात्री लागू नये. नंतरची फवारणी सात दिवसांची असली तरी आधीची ४२ दिवसांचीच राहते. नुसती शेवटची फवारणी पाहणारं सूत्र इथे फसतं, आणि ते फार ठिकाणी बसवलेलं दिसतं. औषधाच्या अवशेषांच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचा नमुना काढल्याच्या तारखेनंतर त्या प्लॉटवर कुठलीही फवारणी नोंदली गेली तर ओळ लाल व्हावी, हीही अट टाक.

माणसांचं गणित सोपं आहे. दोनशे प्लॉट, चार जण, म्हणजे प्रत्येकी पन्नास. छाटणीनंतरच्या नाजूक दिवसांत प्रत्येक प्लॉट आठवड्यातून एकदा पाहायचा तर सहा दिवसांत रोज आठ-नऊ भेटी होतात. भेटीला अर्धा तास आणि रस्त्याला पंधरा मिनिटं धरली तरी साडेसहा तास गेले. यापुढे एकही फॉर्म वाढवायला जागा नाही. बागलाणातल्या अर्ली छाटणीचे प्लॉट आणि निफाडचे प्लॉट एकाच माणसाला देऊ नकोस. अवस्था वेगळ्या, अंतर जास्त, आणि दिवस रस्त्यातच जातो.

दिवसभर जिवंत लोकेशन पाहण्याचा मोह टाळ. बॅटरी संपते, आणि माणूस प्लॉट पाहण्याऐवजी ठिपका हलता ठेवायला लागतो. भेट नोंदवतानाचं ठिकाण आणि वेळ पुरेशी आहे. तीही कामाच्या वेळेपुरती आणि त्यांना सांगून, कारण वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याच्या कक्षेत कर्मचाऱ्याची माहितीही येते. शेतकऱ्याचा आधार क्रमांक तर मागूच नकोस, तुला त्याची गरज नाही. भेट खरी होती का याची शंका असेल तर दर आठवड्याला दहा प्लॉट स्वतः फिरून पाने मोज आणि फॉर्ममधल्या आकड्याशी ताड. हे टीमला आधीच माहीत असावं.

हद्द मोजताना घाई नको. एक एकराच्या चौकोनी प्लॉटची बाजू सुमारे ६४ मीटर असते. एक बाजू पाच मीटर सरकली की तीन गुंठे वाढले. कोपऱ्यावर उभं राहून अचूकता पाच मीटरच्या आत येईपर्यंत थांबायचं, मग बिंदू घ्यायचा. सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि ४० आर म्हणजे जवळपास एक एकर, हे टीमला पाठ असू दे.

ॲपचं म्हणशील तर पहिल्या हंगामाला कोबोटूलबॉक्स हे माहिती गोळा करायच्या फॉर्मचं ॲप पुरेल. त्याचा फॉर्म फोनमध्ये नेटशिवाय भरता येतो. गूगल फॉर्मला नेट लागतं आणि खोलगट भागात रेंज जाते. मात्र संध्याकाळी 'न पाठवलेले' शून्य झाल्याशिवाय दिवस संपला म्हणू नये. फोन अडकला म्हणून कुणी ॲप काढून पुन्हा टाकलं तर न पाठवलेले फॉर्म जातात, हे पहिल्याच दिवशी सांग. हंगाम चालू असताना प्रश्नाचा आतला कोड बदलू नकोस, नाहीतर नवा रकाना तयार होऊन माहिती दोन ठिकाणी विभागते. दिसणारं वाक्य खुशाल सुधार. व्हॉट्सॲपचा ग्रुप बोलण्यापुरता ठेव. तिथे पाठवलेल्या फोटोची प्रत घटते आणि त्यातलं ठिकाण-वेळही गळून जातं.

आणि हे मी कळकळीनं सांगतो: घेतलेली माहिती दुसऱ्या सकाळी सातच्या आत परत गेली पाहिजे. प्रत्येक माणसाला आजचे प्लॉट, कुठल्या बागेत फवारणी थांबवायची आणि कुठल्या शेतकऱ्याचा प्रश्न अजून लटकला आहे, एवढं एका पडद्यावर दिसू दे. ते मिळालं तर संध्याकाळचा फॉर्म कुणाला ओझं वाटणार नाही.

सप्टेंबरमध्ये दोन माणसं आणि वीस प्लॉट घेऊन दहा दिवस चालवून बघ. औषधांची यादी तयार झाली की फॉर्मच्या आधी तीच मला पाठव, व्यापारी नावांसकट.

तुझा हितचिंतक