अडीच वर्षांची मुलगी दिवसभर बोलत असते, काय करावं?

उठल्यापासून झोपेपर्यंत तिची टकळी चालू असते आणि तुमचं डोकं उठतं, हे अगदी समजू शकते. पण तिला गप्प करू नका. दोन वर्षांच्या सुमारास मुलं दोन-दोन शब्द जोडू लागतात, तिसऱ्या वर्षाकडे वाक्यं आणि ‘का?’ येतात. माझा मुलगा मी पोळ्या करताना ओट्याशी उभा राहून ‘का फुगली?’ विचारायचा. नुसतं ‘हं हं’ केलं की तोच प्रश्न दहादा यायचा. गॅस बारीक करून, त्याच्याकडे बघून ‘आत वाफ कोंडली’ म्हटलं की समाधान व्हायचं. मग हातात कणकेचा गोळा द्यायचे, पुढची दहा मिनिटं तो त्या गोळ्याशीच बोलायचा. संध्याकाळी अर्धा तास मात्र तिला बाबांकडे नाहीतर आजीकडे सोपवाच, तुमच्या कानांनाही विश्रांती हवी.