स्टोरेज गप्प झालं, तर कळणार कसं?

प्रश्न : आमच्या कार्यालयात आठ डिस्कचं, रेड ५ (एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून डेटा परत उभा करता येईल अशी मांडणी) लावलेलं स्टोरेज आहे. त्यातली एक डिस्क बंद पडली आणि तीन आठवडे कोणाच्या लक्षातच आलं नाही. सर्व्हर रूममध्ये गेलो तेव्हा पिवळा दिवा दिसला. डिस्क बदलून रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत उभा करण्याचं काम, झालं. मग रिमोट सिसलॉगच्या (यंत्रातल्या घडामोडींच्या नोंदी दुसऱ्या सर्व्हरला पाठवण्याच्या सोयीच्या) सेटिंगमध्ये लॉग सर्व्हरचा पत्ता टाकला आणि सगळ्या नोंदींची ईमेल चालू केली. आता दिवसाला शेकडो ईमेल येतात, कोणी उघडत नाही. काय करावं?

उत्तर : ते तीन आठवडे वाचून पोटात गोळा आला. रेड ५ एकच डिस्क गेलेली सोसतं. रीबिल्डच्या वेळी उरलेल्या सातही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात आणि कुठल्याशा कोपऱ्यातला, एरवी कधी न वाचलेला खराब सेक्टर (डिस्कचा लहानसा तुकडा) नेमका तेव्हाच सापडतो. तुमचं निभावलं, याचा मनापासून आनंद आहे.

आधी मला सांगा, तुमचा लॉग सर्व्हर राहतो कुठे? तो व्हर्च्युअल मशीन (दुसऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) असेल आणि त्याची डिस्क याच स्टोरेजवर असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून तो आजच हलवा. ही चूक मी केलेली आहे. एका कामावर लॉग सर्व्हर आणि मेल सर्व्हर दोन्ही मी त्याच स्टोरेजवर ठेवले होते. पहाटे स्टोरेज बसलं आणि त्याबरोबर ते दोघंही बसले. शेवटच्या नोंदी आम्हाला वाचता आल्या त्या दोन दिवसांनी, डेटा परत मिळाल्यावर. कंट्रोलरच्या (डिस्क चालवणाऱ्या भागाच्या) कॅशची, म्हणजे तात्पुरत्या मेमरीची, बॅटरी उतरत असल्याची सूचना त्यात आदल्या दुपारपासून होती. जुना, साधा, स्वतःची डिस्क असलेला संगणकही या कामाला पुरतो.

आता नोंदी ज्या वाटेने सर्व्हरकडे जातात ती वाट. बहुतेक स्टोरेज सिसलॉग पाठवतात ते यूडीपी या नेटवर्कच्या साध्या पद्धतीवर, पोर्ट ५१४. यूडीपीत पोच नसते. फायरवॉलने पाकीट अडवलं तरी पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही, आणि सेटिंगच्या पानावर सगळं सुरळीतच दिसतं. पोच घेणाऱ्या टीसीपीची सोय असेल तर ती घ्या. टीएलएस (मजकूर कुलूपबंद करून पाठवणं) असेल तर उत्तमच, त्याचं ठरलेलं पोर्ट ६५१४. दोन्ही यंत्रांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ घेऊन) जुळवा. सिसलॉगच्या जुन्या पद्धतीच्या नोंदीत वर्ष नसतं आणि टाइमझोनही नसतो, म्हणून नोंद पोहोचल्याची सर्व्हरची वेळही साठवा.

ईमेलचा पूर कशाने येतो ते बघू. सिसलॉगमध्ये गांभीर्याच्या ० ते ७ अशा पायऱ्या आहेत. ० म्हणजे सगळ्यात गंभीर, ७ म्हणजे डीबग. पाठवलेल्या ओळीच्या सुरुवातीला कोनी कंसात एक आकडा असतो. त्याला ८ ने भागलं की बाकी उरते ती पायरी. उदाहरणार्थ १८८ : भागाकार २३, बाकी ४, म्हणजे वॉर्निंग. सगळ्या पायऱ्या सर्व्हरवर साठवा, पण माणसाला उठवायचं ते थोड्याच गोष्टींसाठी. माझी यादी अशी : डिस्क बाद, रेड डिग्रेडेड (डिस्क कमी पडून संरक्षण घटलेलं), कंट्रोलर किंवा त्याची बॅटरी, पॉवर सप्लाय, तापमान, जागा भरत येणं. लॉगिनच्या आणि रोजच्या कामांच्या नोंदींसाठी सकाळी एक एकत्र ईमेल पुरे. फक्त पायरीवर मात्र विसंबू नका. कोणत्या घटनेला कोणती पायरी द्यायची हे उत्पादक ठरवतो. काही ठिकाणी डिस्क काढल्याची नोंद मी ५ व्या पायरीवर, म्हणजे नुसती नोटीस म्हणून आलेली पाहिली आहे. म्हणून कोणत्या नोंदीला सूचना पाठवायची याचा नियम लिहिताना संदेशातले शब्दही पकडा. तुमची डिस्क गेली तेव्हाची ओळ स्टोरेजच्या स्वतःच्या इव्हेंट लॉगमध्ये अजून असेल. ती शोधून जपून ठेवा, यापुढे ती फार कामाची आहे.

कारण चाचणी तिच्यानेच करायची. स्टोरेजमधलं 'टेस्ट' बटण दाबून सर्व्हरवर ओळ दिसली की लोक खूश होतात, पण ती ओळ बहुधा ६ व्या पायरीची असते. वाट मोकळी आहे एवढंच तिने कळतं, तुमचा नियम जागा आहे का ते कळत नाही. दुसऱ्या एखाद्या लिनक्स यंत्रावरून 'लॉगर' या कमांडने ती जुनी ओळ जशीच्या तशी, त्याच पायरीने लॉग सर्व्हरला पाठवा आणि फोन वाजेपर्यंत हलू नका. नियम फक्त स्टोरेजच्या पत्त्यापुरता लिहिला असेल, तर चाचणीपुरता या यंत्राचा पत्ताही त्यात घाला.

एवढं केल्यावरही एक भोक उरतं. स्टोरेजकडून काहीच येईनासं झालं तर कुठलाच नियम पेटत नाही. तुमच्याकडे रोज रात्री स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) होत असेल, तर त्याची ओळ रोज येते. शेवटची ओळ येऊन २६ तास उलटले की सूचना, असं छोटं काम लॉग सर्व्हरवर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत) लावा. ही सूचना ईमेलऐवजी एसएमएसने पाठवा, आणि एका माणसाला नको, दोघांना पाठवा.