‘बोट वाचलं ना, मग विषय संपला’

‘ताई, एका मोठ्या कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे, तीन वर्षं ऑपरेटर आहे, अजून कंत्राटावरच. टार्गेट वाढल्यावर सुपरवायझरने प्रेसचा लाईट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा) बायपास करायला लावला, कारण मशीन सारखं थांबत होतं. गेल्या महिन्यात रात्रपाळीत शेजारच्या प्रेसवरच्या मित्राचं बोट थोडक्यात वाचलं, फक्त ग्लोव्ह फाटला. “काही झालं नाही ना, मग विषय संपला,” असं आम्हाला सांगितलं. घरच्यांना माझ्या नोकरीचा अभिमान आहे. बोललो तर कंत्राट वाढणार नाही. झोप लागत नाही. मी भित्रा आहे का?’

नाहीस रे. त्या फाटलेल्या ग्लोव्हचा अर्थ तुला कळला, म्हणून झोप उडाली. ज्याला पोटासाठी कंत्राट टिकवायचंय त्याला भीती वाटणारच. तिची लाज बाळगू नकोस.

पण विषय संपलेला नाही. कर्टनची किरणं तुटली की प्रेस थांबतो. हात सेकंदाला १.६ ते २ मीटर वेगाने आत जाईल असं धरून कर्टनचं डायपासूनचं, म्हणजे दाबणाऱ्या साच्यापासूनचं, अंतर ठरवतात, म्हणजे हात पोचायच्या आत प्रेस थांबलेला असावा. तो बंद केला की उरतं फक्त तुझं लक्ष. आणि पहाटे तीन-चारला, शरीर झोप मागत असताना, कोणाचं लक्ष टिकतं? तिथे ‘सांभाळून काम करा’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

कर्टन सारखा ट्रिप होतोय, म्हणजे पीस ठेवण्या-काढण्याच्या पद्धतीत काहीतरी चुकतंय. चिमटा हवा असेल, पीस धरणारं फिक्स्चर बदलावं लागेल, कर्टनची जागा तपासावी लागेल, किंवा त्या मशीनला ते टार्गेटच झेपत नसेल. हे इंजिनिअरिंग आणि मेंटेनन्सचं काम आहे, त्याची भरपाई ऑपरेटरने बोटांनी करायची नसते. बोलताना हेच धर. ‘साहेबांनी बायपास करायला लावला’ इथून सुरुवात केलीस तर सगळे साहेबांना वाचवायला धावतील. ‘कर्टन चालू ठेवून इतके पीस निघत नाहीत, प्रेस बघून घ्या’ असं म्हण. त्याला उत्तर द्यावं लागतं.

आणि लिहून दे. तारीख, पाळी, मशीन नंबर, काय घडलं, एवढंच, शेरे नकोत. दुखापत थोडक्यात टळली तरी तिची नोंद व्हायला हवी, नियर मिस म्हणतात तो हाच. एक प्रत स्वतःकडे ठेव. कंत्राटी माणसाने एकट्याने सही करू नये असं मला वाटतं. युनियन किंवा सेफ्टी कमिटीत परमनंट कामगार असतील तर त्यांच्यामार्फत कागद पुढे जाऊ दे. लाईनवरच्या चार-पाच जणांच्या सह्या असल्या तर आणखी चांगलं.

मशीन थांबवणं म्हणजे गद्दारी नव्हे. टोयोटाच्या कारखान्यांत गडबड दिसली की कामगार स्वतः दोरी ओढून किंवा बटण दाबून मदत बोलावतो, आणि अडचण वेळेत सुटली नाही तर लाईन थांबते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारातही आहे की जिवाला गंभीर धोका समोर दिसतोय असं रास्त कारणाने वाटून कामगार बाजूला झाला, तर त्याला त्याचा त्रास होता कामा नये. तुझ्या देशाने तो स्वीकारलाय का, कायद्यात नेमकं काय लिहिलंय, हे युनियनकडून समजून घे.

एवढं करूनही कंत्राट वाढणार नाही, असं होऊ शकतं. खोटा धीर मी देणार नाही. म्हणून दुसरीकडे अर्ज करायला आत्तापासूनच लाग आणि घरात निदान एका माणसाला खरं सांग. त्यांना अभिमान तुझा आहे, कंपनीच्या गेटचा नाही.

सगळ्यात आधी मात्र त्या मित्राशी बोल. कागदावर त्याची गोष्ट जाणार आहे, त्याला विचारल्याशिवाय ती जाऊ नये. त्या रात्रीनंतर तोही त्याच प्रेसवर उभा राहतोय, आणि त्याला कोणी काही विचारलं असेल असं तुझ्या पत्रावरून तरी दिसत नाही.