वाचकांचे प्रश्न : कुटुंब समुपदेशकांच्या परिषदेत काय मांडावे?

प्रश्न : मी सोलापुरातील एका कुटुंब समुपदेशन केंद्रात काम करते. जिल्ह्यातील समुपदेशक, संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसेच्या तक्रारीत स्त्रीला मदत करणारे सरकारी अधिकारी), वकील आणि समाजकार्याचे प्राध्यापक यांची एकदिवसीय परिषद आम्ही भरवणार आहोत. प्रत्येक केंद्राने आपण किती संसार पुन्हा जुळवले याचा अहवाल मांडावा आणि एका यशस्वी प्रकरणाची सविस्तर हकिकत सांगावी, शक्य झाल्यास त्या जोडप्याचा सत्कारही करावा, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे. माझ्या मनाला हे पटत नाही, पण ते कोणत्या शब्दांत सांगावे हे सुचत नाही. — एक समुपदेशक, सोलापूर

उत्तर : आपल्याला पटत नाही ते योग्यच आहे, आणि वरिष्ठांपुढे मांडायला आधार कायद्यातच आहे. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ९ मध्ये न्यायालयाने तडजोडीसाठी प्रयत्न करावेत असे म्हटले आहे, परंतु तेही प्रकरणाचे स्वरूप आणि परिस्थिती पाहून. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याखालील नियम तर याहून स्पष्ट आहेत. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होणाऱ्या समुपदेशनात पुन्हा हिंसा होणार नाही याची हमी मिळवणे हा हेतू मानलेला आहे. मारहाणीचे समर्थन प्रतिवादीला तिथे करता येत नाही, आणि हे त्याला बैठकीपूर्वीच सांगावे लागते. ज्या कामाची आखणी कायद्याने सुरक्षिततेपासून केली आहे, त्याचे मोजमाप जुळलेल्या संसारांच्या आकड्याने करणे म्हणजे कामाचा हेतूच बदलणे होय.

या आकड्याचा परिणाम टेबलापलीकडे बसलेल्या बाईवर होतो, म्हणून मी इतक्या आग्रहाने लिहीत आहे. ‘नांदायला गेली’ असा शेरा मारून फाईल बंद करता येते, आणि ती बाई तीन महिन्यांनी पुन्हा माहेरी आली तर त्याची नोंद कुठेच होत नाही. उलट जी बाई विचारपूर्वक वेगळी झाली, जिची पोटगी वेळेवर येऊ लागली आणि जिची मुले शाळेत टिकली, तिचे प्रकरण मात्र अहवालात अपयश म्हणून दिसते. समुपदेशक कितीही सज्जन असला तरी वर्षअखेरीला आकडा द्यायचा असेल, तर ‘थोडे सांभाळून घे’ हे वाक्य त्याच्या तोंडी लवकर येते. म्हणून अहवालात हिंसा थांबली का, पैसे हातात पडतात का, मुलांची भेट भांडणाशिवाय होते का आणि काही महिन्यांनी आपण स्वतः पाठपुरावा केला का, हे प्रश्न ठेवावेत. सगळ्यांत बोलके उत्तर मला शेवटच्या प्रश्नाचे वाटते, कारण पाठपुराव्याशिवाय आधीच्या तिन्हींची उत्तरे केवळ अंदाजाने दिली जातात.

आता प्रकरण मांडण्याविषयी. नाव बदलले की ओळख लपली असे मोठ्या महानगरात कदाचित म्हणता येईल, सोलापुरात नाही. पूर्व भागातील यंत्रमाग कारखान्यात कामाला असलेला नवरा, विड्या वळणारी बायको, दोन मुली आणि दिवाळीनंतर पोलीस चौकीपर्यंत गेलेले भांडण, एवढे सांगितले की सभागृहातील कोणी ना कोणी घर ओळखतोच, आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गल्लीत पोचते. त्यामुळे दोन-तीन प्रकरणांतील तपशील एकत्र करून, व्यवसाय, वस्ती आणि मुलांची संख्या बदलून मांडणी करावी, आणि ती तशी केली आहे हे श्रोत्यांना सुरुवातीलाच सांगावे. खरेच एका व्यक्तीची हकिकत सांगायची असेल, तर तिची लेखी संमती प्रकरण संपल्यानंतर घ्यावी. कारण प्रकरण चालू असताना मदत मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते. जोडप्याला व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देण्याचा बेत मात्र पूर्णपणे सोडावा. ज्या बाईचा चारशे लोकांसमोर ‘संसार सावरला’ म्हणून सत्कार झाला, ती पुढे पुन्हा मार बसल्यास कोणत्या तोंडाने आपल्या केंद्राची पायरी चढेल?

गोपनीयतेविषयीचे एक सत्र वकील आणि समुपदेशक यांनी मिळून घ्यावे. मध्यस्थीत झालेले बोलणे गोपनीय राहते, परंतु मुलाच्या ताब्याच्या वादात समुपदेशकाने न्यायालयाला दिलेला अहवाल त्याच अर्थाने गोपनीय नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. ‘इथले काहीही बाहेर जाणार नाही’ असे सरसकट आश्वासन देण्याची सवय अनेकांना आहे. ती सोडून काय बाहेर जाऊ शकते हे पहिल्याच बैठकीत सांगण्याचा सराव परिषदेत करून घेता येईल.

आणखी एक विषय सोलापूरनेच घ्यावा असा आहे, तो भाषेचा. आपल्याकडे सासू तेलुगूत बोलते, सून कन्नड घरातून आलेली असते, शेजारी दखनीत साक्ष देतात आणि नोंद मराठीत होते. अशा बैठकीत दुभाषी म्हणून अनेकदा आठवी-नववीतील मुलगीच पुढे केली जाते. बापाने आईला दिलेली शिवी तिने स्वतःच्या तोंडाने समुपदेशकाला सांगायची, ही त्या मुलीवर लादलेली फार मोठी शिक्षा आहे. शेजारीण दुभाषी असेल तर बाई निम्मे गिळून टाकते. दुभाषी कोण असावा, त्याने गुप्ततेची हमी कशी द्यावी आणि सौम्य न करता भाषांतर कसे करावे, या एका प्रश्नाला दुपारचे पूर्ण सत्र दिले तरी मला ते जास्त वाटणार नाही. बीजभाषण थोडे आटोपते घेतले की वेळ मिळेल.

प्रश्न : मी पंढरपूरजवळच्या गावात बचत गटाचे काम करते. माझ्याकडे समाजकार्याची पदवी नाही. अशा परिषदेला मी गेले तर चालेल का? — एक कार्यकर्ती

उत्तर : अवश्य जावे. गावातील बाई पहिल्यांदा आपल्याशीच बोलते. मात्र समुपदेशकाचे काम अंगावर घेण्यासाठी नव्हे, तर कोणाला कुठे पाठवायचे हे नीट कळण्यासाठी जावे. संरक्षण अधिकारी कुठे भेटतात, १८१ ही महिला हेल्पलाइन आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन कोणत्या वेळी उपयोगी पडते, आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते, एवढी माहिती पक्की करून परतलात तरी गटाच्या बैठकीत तिचा उपयोग होईल. ज्या वादात मारहाण आहे, त्यात दोन्ही बाजूंना एकत्र बसवून बैठक घेण्याचा आग्रह कोणी धरला तरी तो मानू नये.

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील कुटुंब संबंध केंद्रांविषयी वाचले. परिषदेत त्यांची चर्चा व्हावी का? — निवृत्त प्राध्यापक, सोलापूर

उत्तर : व्हावी, परंतु नेमक्या मुद्द्यांपुरती. ही केंद्रे तिथे २००६ पासून सुरू झाली आणि पुढे त्यांची संख्या ६५ झाली. मुलांच्या संगोपनाविषयीचा वाद न्यायालयात नेण्यापूर्वी पालकांनी तडजोडीचा प्रामाणिक प्रयत्न करावा, असा नियम त्याच वर्षी तिथे आला. मात्र कौटुंबिक हिंसा किंवा मुलाचा छळ झाला असल्यास त्यातून सूट ठेवली गेली. ही सूट आपण नीट अभ्यासावी, कारण तडजोडीचा आग्रह आणि सुरक्षितता यांचा मेळ कसा घालावा याचा विचार तिच्यात दिसतो. दुसरा मुद्दा जागेचा. ती केंद्रे लोकांच्या सहज नजरेस पडतील अशा ठिकाणी ठेवण्याचा विचार होता. आपल्याकडे विड्या वळणाऱ्या बाईला कामाच्या दिवशी दुपारची तारीख दिली, तर त्या दिवसाची मजुरी बुडते आणि पुढच्या तारखेला ती येतच नाही. तेव्हा परिषदेतील या सत्रात परदेशी आराखड्याच्या बरोबरीने एवढे तरी ठरवावे, की आठवड्यातून एक संध्याकाळ समुपदेशक कामगार वस्तीतच बसेल, आणि त्यासाठी शाळेची खोली कोण मिळवून देईल.