ओढ्याकाठचं हरीण

बाळ,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. शिकारीच्या सीझनचा दुसरा दिवस, माउंट होरेबजवळचं रान, वीस पावलांवर बरगड्या मोजता येतील असं हरीण. कान पडलेले, तोंडातून लाळेची तार लोंबतेय, तुला बघूनही हललं नाही. तू रायफल खाली केलीस आणि गाडीकडे परतलीस. आता विचारतेस, ‘काका, गोळी घालायला हवी होती का?’

गोळीचं नंतर. डीएनआरला, म्हणजे विस्कॉन्सिन राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याला, फोन केलास का?

पाहिलं त्याने कळवायचं. बाकी सगळं मागाहून. 2001 च्या हिवाळ्याआधी मारलेल्या हरणांत, तुझ्या त्याच भागात, विस्कॉन्सिनमधला पहिला सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा रोग) सापडला. 2002 च्या फेब्रुवारीत ते पक्कं झालं. हा ना जिवाणू, ना विषाणू. चुकीची घडी पडलेलं प्रथिन, प्रायॉन. चुलीवर कितीही शिजवलं तरी मरत नाही. लाळेतून, मुतातून, लेंड्यांतून, कुजलेल्या देहातून मातीत उतरतं आणि वर्षानुवर्षं तिथंच बसतं. म्हणजे तू वळलीस तरी ते हरीण ओढ्यावर पाणी प्यायला गेलंच असेल. लाळ गळते म्हणजे हाच रोग, असंही नाही. टेस्टशिवाय कुणीच सांगू शकत नाही. म्हणून तर कळवायचं!

मी 2009 मध्ये नाही कळवलं. मादी होती, ओढ्यात पुढचे पाय फाकवून उभी, मान खाली. माझ्याकडे फक्त बकचा टॅग, म्हणजे नराच्या शिकारीचा परवाना. नेम धरला नाही, त्याचं मला आजही काही वाटत नाही, कायदा पाळला. फोन गाडीत होता, अंधार पडत होता, पोरं जेवायला थांबली होती. हे सगळं खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फोन हातात होता की नाही? होता. आठ दिवसांनी शेतमालकाने मला ओढ्याकडे नेलं. ती पाण्यात अर्धी पडली होती, कावळे बसले होते आणि चिखलात तिच्याभोवती दुसऱ्या हरणांचे ताजे खूर. तो म्हणाला, ‘तुला दिसली होती का?’ मी नाही म्हणालो.

त्या ‘नाही’पायी मी तुला इतकं पिडतोय, हे समजून घे.

आता गोळीचं. टॅग असेल, नेम पक्का असेल, तर घालायला माझी ना नाही. पण अशा वेळी आधी डीएनआरला विचारायचं. मारलंस तर हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, डोकं मानेसकट टेस्टला द्यायचं. आजारी दिसणाऱ्या हरणाचं मांस कुणी खायचंच नाही. आणि धडधाकट दिसणारं हरीणही वर्षभराहून जास्त काळ आजार अंगात घेऊन हिंडू शकतं, तेव्हा रिपोर्ट येईपर्यंत फ्रीझरमधलं एकही पाकीट कुणाला द्यायचं नाहीस. माणसाला झाल्याची पक्की नोंद अजून नाही. तरी पॉझिटिव्ह मांस खाऊ नका, असंच अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सांगते. तुझ्या घरात लहान पोर आहे.

‘उशीर झाला’ म्हणशील. झालाच आहे. तरी आत्ता फोन लाव. पार्किंगपासून किती लांब, ओढ्याच्या कुठल्या अंगाला, तोंड कुठल्या दिशेला, सगळं सांग. फोटो असेल तर पाठव. शनिवारी मी येतो, जागा दाखव मला.

काका